शिकलगारांचे बूट

“ज्या घरात मी बूट काढले, त्या घरात डोळे मिटून लाईट लावा,” असं शमशुद्दीन शिकलगार एकदा आनंदीबाईंना म्हणाले होते. आनंदीबाई तेव्हा दारात आडव्या उभ्या होत्या आणि डोळे मिटायच्या मनःस्थितीत अजिबात नव्हत्या.

वैशाखातला सोमवार होता. शिवण्याला, जिथं आनंदीबाईंच्या सासऱ्यांचं वांग्याचं वावर होतं, तिथं आता त्यांच्या मुलाची, मच्छिंद्रची, चार मजली इमारत उभी होती. बारा घरं. त्यातलं पहिल्या मजल्यावरचं आनंदीबाईंचं. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं त्यांनी आदल्याच दिवशी उठवलेली. आणि त्या उंबऱ्यावरून हा पांढऱ्या दाढीचा, काटकुळा माणूस जाड रबरी तळाचे काळे बूट घालून आत यायला निघाला होता.

“मिस्त्री, पायतान बाहेर.”

“आक्का, आत्ता नाही.”

“आत्ता न्हाई म्हंजे? शुक्रवारी वास्तुशांत हाय हितं. देव यायचेत.”

“देव येतील. त्यांना शॉक लागत नाही, मला लागतो.”

मागून मच्छिंद्र ओशाळं हसला. “आई, जाऊ दे त्यांना. शमशुभाई असेच आहेत.”

“असंच म्हंजे कसं? मग काढणार कवा बूट?”

“तुमचं घर म्हणेल तेव्हा,” शमशुभाई म्हणाले, आणि वर ते डोळे मिटायचं वाक्य बोलून आनंदीबाईंच्या कोपराखालून आत शिरले. उंबऱ्यावर पाय मात्र ठेवला नाही. हळदीकुंकवाच्या बोटांना बूट लागू न देता लांब टांग टाकून गेले, हे आनंदीबाईंनी बघितलं. बघितलं आणि तरी माफ केलं नाही.

नव्या घराला वीज जोडायची तर एक कागद लागतो. भिंतीतल्या तारा नीट आहेत, घराचं अर्थिंग नीट आहे, असं लायसन असलेल्या माणसानं लिहून द्यायचं, खाली सही करायची. मग वीज कंपनीची माणसं मीटर घेऊन येतात. हा कागद आता बसल्या जागी होतो. फोनवर फोटो पाठवला की तिकडून सही येते. घर कोथरूडात की कात्रजला, हे सही करणाऱ्याला माहीत असण्याची गरज नसते. शमशुभाई मात्र येरवड्याहून स्कूटरवर गाव ओलांडून यायचे, प्रत्येक घरात, प्रत्येक खोलीत, प्रत्येक स्विचबोर्डापुढे उकिडवे बसायचे. बारा घरांना दोन दिवस लावायचे. कुणी म्हणालं, “चाचा, एका घराचं बघितलं की बाकीची सारखीच,” तर म्हणायचे, “तुमच्या चार भावांचं एकाला दाखवून लग्न ठरवलं का?”

त्यांचे आजोबा पेठांतून चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. “ते ठिणग्या पाडून पोट भरायचे,” शमशुभाई सांगत, “आणि मी ठिणगी पडू नये म्हणून पैसे घेतो. खानदान तेच, धंदा उलटा.”

बुटांची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या घरातली होती. पंचवीस वर्षांपूर्वी येरवड्याला त्यांनी दोन खोल्या बांधल्या. जगाच्या घरात उकिडवा बसणारा हा माणूस आपल्या घरी मात्र घाईनं सही करून मोकळा झाला. घर आपलंच, तारा आपल्याच हातच्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, बिलकिसनं, ओल्या हातानं फ्रिज उघडला आणि ती दोन हात मागं फेकली गेली. लागलं फार नाही, पण तिनं उठून पहिलं वाक्य म्हटलं ते असं, “जगाच्या घराला तपासणी आणि माझ्या घराला अंदाज?” महिनाभर तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. जेवण दाराबाहेर ठेवायची, जसं मांजराला ठेवतात. तेव्हापासून शमशुभाई अर्थिंगची खात्री पटेपर्यंत बूट काढत नाहीत. आणि पटली की काढतात, अनवाणी पायानं सगळ्या घरातून एक चक्कर मारतात, मग सही करतात. ज्यांना हे माहीत होतं ते कागदाकडं बघतच नसत. त्यांच्या पायांकडं बघत.

हे सगळं मच्छिंद्रनं आईला दारातच सांगितलं. आनंदीबाईंनी ऐकून घेतलं. “बायको शहाणी हाय,” एवढंच म्हणाल्या.

नव्या इमारतीत उजेड यायच्या आधीचा अंधार वेगळा असतो. तो अजून कुणाचा झालेला नसतो. त्यात कुणी रडलेलं नसतं, कुणी दाराआड उभं राहून ऐकलेलं नसतं. शमशुभाईंनी खिडक्यांची दारं लोटून घेतली आणि त्या कोऱ्या अंधारात पिशवीतून एक बल्ब काढला. होल्डरला दोन तारा, तारांची टोकं उघडी. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या लायनीवरून त्यांनी बोर्डात वीज घेतली होती.

“एक तार विजेत,” ते म्हणाले, “आणि दुसरी अर्थच्या भोकात. ही दुसरी तार भिंतीतून खाली जाते, तिथून लोखंडी पट्टीवरून जमिनीतल्या खड्ड्यात. खड्डा जिवंत असेल तर बल्ब लखकन पेटतो.”

बल्ब पेटला नाही. त्याच्या आतली तार लालसर झाली. राखेतल्या निखाऱ्यासारखी. तेवढंच.

शमशुभाईंनी तारा काढून परत खोचून बघितल्या. मग शेजारच्या घरात गेले, वर गेले, खाली मीटरच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा बूट पायातच होते.

“खड्डा मेलाय,” ते म्हणाले.

“मेलाय म्हणजे?” मच्छिंद्र म्हणाला. “तुम्हीच केलाय ना फेब्रुवारीत?”

“मीच केलाय. आठ फुटी पाईप, चारी बाजूंनी मीठ आणि कोळसा, एकावर एक थर. पोतंभर मीठ घातलंय, मच्छिंद्रशेठ. वर तुमच्या गवंड्याला चेंबर बांधायला सांगितलं होतं, त्यानं बांधलं नाही, पण त्याच जागी कोणीतरी जास्वंद लावली म्हणून मी उलट खूश झालो. म्हटलं, रोज पाणी मिळेल.”

आनंदीबाई ओट्याशी उभ्या होत्या. मीठ आणि कोळसा हे दोन शब्द त्यांच्या कानात पडले आणि हातातलं फडकं तिथंच थांबलं.

कारण जास्वंद त्यांनी लावली होती. आणि ती लावण्याआधी काय काढलं होतं, ते भैरवनाथाला, त्यांना आणि भैरू गड्याला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीतल्या अमावस्येला साईट बंद होती, भैरू सुट्टीवर आणि आनंदीबाई दिवसभर भैरवनाथाच्या देवळात. अमावस्येला गवंडी काम करत नाहीत, ही पुण्याच्या बांधकामांची जुनी रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाई सहज म्हणून ईशान्येच्या कोपऱ्यात गेल्या तर तिथं ताजी उकरलेली माती. मातीवर सांडलेले खडे मिठाचे पांढरे आणि कोळशाचे काळे. आणि त्यावर पिळलेलं अर्धं लिंबू.

अमावस्या, मीठ, कोळसा, लिंबू आणि देवाचा कोपरा. आणखी काय पाहिजे? करणी! आणि करणारी कोण, हे शोधायला त्यांना देवऋष्याकडं जावं लागलं नाही. समोरच्या गल्लीत त्यांची धाकटी जाऊ शालन राहत होती. वाटणीत तिला वावराचा ओढ्याकडचा तुकडा आला होता, ज्यावर महापालिका पायखानासुद्धा बांधू देत नव्हती. शालनच्या पोटात दुखणारच. मच्छिंद्र आणि सून राधा तेव्हा दोन दिवस लग्नाला कोल्हापूरला गेलेले. आनंदीबाईंनी भैरूला भैरवनाथाची शपथ घातली आणि सगळं उकरायला लावलं. माती मऊ होती. भैरू आत उतरून दीड दिवस खणत होता. गवंडी अजून गावाहून परतले नव्हते. वर तिसऱ्या मजल्यावर दोन रंगारी कानात गाणी कोंबून भिंती रंगवत होते, त्यांना पत्ता नाही. मीठ-कोळसा पोत्यात भरून मुठेत सोडला. पाईप निघाला तो अंगणात ठेवला. खड्ड्यात शेणखत घालून वर जास्वंद लावली, कारण जास्वंद देवीची, तिच्यापुढं करणी चालत नाही. इमारतीकडून आलेल्या पट्टीचं टोक भैरूनं नुसतंच मातीत दाबून टाकलं.

तेव्हापासून आनंदीबाई शालनशी बोलत नव्हत्या. शुक्रवारच्या वास्तुशांतीचं बोलावणं अख्ख्या शिवण्याला गेलं होतं, शालनला नाही.

आणि आज हा बूटवाला म्हणत होता, पोतंभर मीठ घातलंय मच्छिंद्रशेठ.

“शमशुभाई,” मच्छिंद्र खालच्या आवाजात म्हणत होता, “गुरुवारी कंपनीची माणसं मीटर घेऊन येणार. कागद नसला तर परत जातील. शुक्रवार गेला की अधिक महिना, मग ज्येष्ठात भटजी मुहूर्त नाही म्हणतात, मग आषाढ, मग चातुर्मास. दिवाळीशिवाय मुहूर्त नाही. बारा घरची माणसं भाड्याच्या घरात बसलीयेत. तुम्ही सही करून टाका, खड्डा पुढच्या आठवड्यात निवांत करू.”

“पुढच्या आठवड्यात सहीपण निवांत करू.”

“तुम्ही नाही केली तर दुसरा करेल. तासाभरात करेल.”

“करेल की. चांगल्या अक्षरात करेल,” शमशुभाई म्हणाले. “पण दुसरा येईल तेव्हा त्याला विचारा, बल्ब का पेटत नाही. आणि मलाही सांगा. चाळीस वर्षं मी माती भरतोय, माती अशी विसरत नाही.”

मच्छिंद्रनं त्यांच्याकडं जरा दयेनं पाहिलं. “वय होतं हो प्रत्येकाचं. खड्डा भरायचा राहिला असेल. दुसऱ्या साईटचा आठवत असेल तुम्हाला.”

शमशुभाईंनी बल्बच्या तारा गुंडाळायला घेतल्या. गुंडाळताना एकदा चुकले, परत सोडवल्या. आनंदीबाईंना ते दिसलं. त्या ओट्याकडं वळल्या आणि आधीच पुसलेला ओटा परत पुसू लागल्या.

मंगळवारी शमशुभाई सकाळी आठलाच हजर. “गुरुवारपर्यंत वेळ आहे ना? एक माणूस द्या खणायला.” मच्छिंद्रनं दिला तो भैरू. पन्नाशीचा, धिप्पाड आणि मनात काही ठेवायची सवय नसलेला माणूस. कुदळ खांद्यावर टाकून तो जास्वंदीपाशी गेला आणि आनंदीबाईंकडं असं बघायला लागला, जसं शाळेत पोरगं मास्तरांच्या आधी आईकडं बघतं.

“इथं उकरू,” शमशुभाई म्हणाले.

“हितं नगं,” आनंदीबाई झटकन पुढं झाल्या. “जास्वंद बहरात हाय. कळ्या धरल्यात.”

“आक्का, कळ्यांखाली माझा पाईप आहे.”

“आसंल. झाडाला हात लावायचा न्हाई.”

“बरं, भैरू, तू सांग. इथली माती कशी आहे, कठीण लागेल?”

“छ्या, मऊ हाय. वरचं चार फूट तर लोण्यावानी…” एवढं बोलून भैरू थांबला. कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“तुला कसं माहीत?”

“आसंच. दिसतंय की.”

शमशुभाईंनी एकदा भैरूकडं पाहिलं, एकदा जास्वंदीकडं, आणि मग आनंदीबाईंकडं. मग म्हणाले, “चहा मिळेल का?”

बांधकाम चालू असल्यापासून, दोन वर्षं, आनंदीबाईंचं कुटुंब प्लॉटच्या कडेच्या पत्र्याच्या खोल्यांत राहत होतं. पुढं चार हात अंगण, अंगणात बाज, आणि बाजेवर सावली धरलेला दोडक्याचा वेल. शमशुभाई बाजेवर बसले. राधानं चहा आणून दिला. बशीत ओतून फुंकर घालता घालता त्यांची नजर वर गेली. वेल ज्यावर चढला होता तो खांब लोखंडी पाईपाचा होता. त्याला वितीवितीवर भोकं होती. पाणी मातीत झिरपावं म्हणून ती भोकं त्यांनी स्वतः पाडली होती. एका भोकातून दोडक्याचा तणावा आत शिरून दुसऱ्यातून बाहेर आला होता.

आनंदीबाई दारातून बघत होत्या. आता ओरडेल. आता मच्छिंद्रला हाक मारेल.

शमशुभाईंनी हात लांब करून पाईपावर बोटानं दोनदा टकटक केली. पोकळ आवाज आला. मग चहा संपवला.

“आक्का, दोडके चांगले धरलेत.”

“शेणखत घातलंय,” आनंदीबाई म्हणाल्या.

“आणि आधार चांगला मिळालाय. आठ फूट आहे ना?”

“मोजला न्हाई.”

“मी मोजलाय,” शमशुभाई म्हणाले आणि उठले.

तेवढ्यात मच्छिंद्र आला. “सापडला का हो खड्डा?”

आनंदीबाईंनी दाराची चौकट धरली.

“तो जाऊ द्या,” शमशुभाई म्हणाले. “झाडाला धक्का नको. तीन हात सोडून नवा करतो. पाईप माझा, मीठ-कोळसा माझा.”

“म्हणजे राहिलाच होता ना भरायचा?” मच्छिंद्र हसला. “मी म्हणत होतो. चालायचंच चाचा, आता जरा बदाम खात जा.”

“खातो,” शमशुभाई म्हणाले.

आनंदीबाईंनी चौकट सोडली नाही. सुटका झाली होती, पण ती ओल्या लुगड्यासारखी अंगाला चिकटत होती.

बुधवारी दुपारपर्यंत भैरूनं नवा खड्डा आठ फूट खाली नेला. या वेळी माती खरोखर कठीण लागली. तो मनापासून कण्हत होता, जणू आधीच्या मऊ मातीचं प्रायश्चित्त. शमशुभाईंनी पाईप उभा केला, इमारतीकडून आलेली पट्टी त्याला जोडली आणि थर टाकायला सुरुवात केली. एक घमेलं कोळसा, एक घमेलं मीठ. आनंदीबाई पदर डोक्यावरून घेऊन काठावर बसल्या होत्या. तास झाला तरी हलल्या नव्हत्या.

“मिस्त्री, मीठ कशाला वो?”

“मीठ ओल धरून ठेवतं. कोळसा त्या ओलीला सुटू देत नाही. उद्या तुमच्या मिक्सरमध्ये, गिझरमध्ये कुठं वीज चुकून भांड्याला लागली, तर ती माणसाच्या अंगातून जायच्याऐवजी इथून खाली जाते. तिला घरी जायला वाट लागते. ती वाट ओली पाहिजे.”

“आन आमुशाच कशाला धरली हुती तवा?”

“त्या दिवशी तुमचे गवंडी सुट्टीवर. साईटवर कोणी नाही. ना कोणी वाळू टाकत, ना रेडिओ. वर्षातल्या बारा अमावस्या मला फार आवडतात, आक्का. मी आणि भुतं, दोघंच कामावर.”

आनंदीबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदरात लपवलं.

जेवायची वेळ झाली. शमशुभाईंनी हात धुतले, खड्ड्याच्या कडेलाच डबा उघडला. बिलकिसनं डाळ-भात दिला होता आणि एका पुडीत अर्धं लिंबू. त्यांनी ते भातावर पिळलं, शेवटचा थेंब काढला, आणि सवयीनं, न बघता, साल मागं फेकली. ती उकरलेल्या मातीवर, सांडलेल्या मिठात आणि कोळशाच्या चुऱ्यात जाऊन पडली. कापलेली बाजू वर.

आनंदीबाई त्या सालीकडं बघत राहिल्या. तीन महिने. तीन महिने शालन समोरच्या गल्लीतून जाताना मान वर करून बघायची, आणि त्या मान फिरवायच्या. संक्रांतीला तिनं दिलेला तिळगूळसुद्धा नंतर त्यांनी मुंग्यांना घातला होता.

“मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “तुमचा खड्डा आधी कुनी उकरलाय का कवा?”

“चाळीस वर्षांत तीनदा,” शमशुभाई घास चावत म्हणाले. “एकदा कुत्र्यानं. एकदा कर्वेनगरात एका काकांनी, खाली मोहरांचा हंडा आहे म्हणून. जोशात पाईप वाकवला त्यांनी.”

“आन तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा कोणी, ते मला माहीत नाही,” ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.

चार वाजता खड्ड्यात दोन बादल्या पाणी गेलं. पाच वाजता पहिल्या मजल्यावर, लोटलेल्या खिडक्यांच्या अंधारात, बल्ब पेटला. तो असा पेटला की आनंदीबाईंनी डोळ्यांपुढं हात धरला. शमशुभाई जमिनीवर बसले, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले. मग अनवाणी पायानं खोलीखोलीतून चक्कर पूर्ण केली. त्यांचे पाय गोरे, मऊ, त्यांच्या बाकीच्या अंगापेक्षा बरेच तरुण होते.

“रोज एक बादली पाणी घालत जा त्या खड्ड्यात,” बाराही घरांत तसंच फिरून झाल्यावर सही करता करता ते म्हणाले. “जास्वंदीला घालता तेव्हाच.”

गुरुवारी मीटर आले. शुक्रवारी वास्तुशांत झाली.

दुपारी पहिल्या मजल्यावर पंगत बसली तेव्हा पंखे फिरत होते, प्रत्येक खोलीतला प्रत्येक दिवा लागला होता, भर उन्हात. राधा एकेक बटण पुन्हापुन्हा दाबून बघत होती. शमशुभाईंनी दारातच बूट काढले होते आणि ते खाली बसून पुरणपोळी खात होते. त्यांच्या शेजारी वारज्याचे बाबुराव. त्यांची आठ मजली इमारत पुढच्या महिन्यात पुरी होणार होती आणि तिचं काम शमशुभाईंना द्यायचं असं दोघांत जवळपास ठरलं होतं.

वाढता वाढता मच्छिंद्रला चेव आला. “बाबुराव, जपून बरं का! आमचे शमशुभाई खड्डाच विसरले होते! पोतंभर मीठ घातलं म्हणत होते, आणि खाली काहीच नाही!”

पंगत हसली. बाबुरावही हसले, पण मग घास ठेवून बोटं मोजू लागले. “आठ मजले म्हणजे खड्डे तीन लागणार,” ते सावकाश म्हणाले. “शमशुभाई, तसं बघितलं तर एखादा तरुण माणूस बरोबर घेतला तर बरं नाही का? म्हणजे आपलं… सहीसाठी. तुम्ही देखरेख करा.”

हातात तुपाचं भांडं घेऊन आनंदीबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी शमशुभाईंकडं पाहिलं. हा माणूस दर वाक्याला उलट वाक्य टाकणारा. आता टाकेल. पण त्यांनी पोळीचा तुकडा दुधात बुडवला आणि तो नीट भिजायची वाट बघत राहिले.

“खड्डा भरला हुता,” आनंदीबाई म्हणाल्या.

कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी तुपाचं भांडं ताटावर आपटलं.

“मी म्हंते, भरला हुता! पोतंभर मीठ हुतं, कोळसा हुता, समदं हुतं. म्या उकरून काढलं. भैरू साक्षीला हाय.”

सगळी पंगत भैरूकडं वळली. भैरूच्या तोंडात अख्खी पोळी होती. त्यानं मान हलवली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

“आई?” मच्छिंद्र म्हणाला. “का?”

“आमुशा हुती. मीठ, कोळसा आन वर लिंबू. तुज्या घरावर कुनीतरी केलंय आसं वाटलं मला. तुला सांगितलं आसतं तर तू हसला आसता. म्हून नदीत सोडलं समदं. आन पाईप माझ्या दोडक्याला हाय, बगून ये जा!”

आधी राधाच्या नाकातून आवाज आला. मग बाबुरावांना ठसका लागला. मग पंगतीचं एक टोक फुटलं आणि हसू या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं. आनंदीबाई हसल्या नाहीत. त्या पदर खोचून सरळ जिना उतरल्या.

“आता कुठं?” राधा खिडकीतून ओरडली.

“शालनकडं!”

पाच मिनिटांनी दोघी वर आल्या. शालन घरच्याच लुगड्यात, हाताला पीठ. तिला वाटेतच सगळं कळलेलं दिसत होतं, कारण ती दारातूनच सुरू झाली.

“अगं बाई, मला करनीच करायची आसती तर पोतंभर मीठ इकत आनलं आसतं व्हय मी? तुज्याच सुनंकडनं वाटी-वाटीनं उसनं मागून आनलं आसतं!”

“बस आता,” आनंदीबाई म्हणाल्या. “तूप वाढू का?”

“वाढ. तीन म्हैन्यांचं वाढ.”

हसणं ओसरलं तेव्हा बाबुराव खाकरले. “शमशुभाई, ते मघाचं तरुण माणसाचं… ते राहू द्या. तुम्हीच या. सोमवारी.”

आणि मच्छिंद्र, वाढायची पळी हातात तशीच, त्यांच्यापुढं उकिडवा बसला. “चाचा, पाईप दिसला होता ना तुम्हाला? मंगळवारी? मग मी एवढं बोललो, बदाम खा म्हणालो, तुम्ही सांगितलं का नाही?”

पंगत थांबली. आता शमशुभाई काय म्हणतात, हे ऐकायला शालननंसुद्धा घास खाली ठेवला. आनंदीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता तो कुत्र्याबद्दल काहीतरी बोलेल. किंवा भुतांबद्दल.

शमशुभाईंनी ताटातला शेवटचा तुकडा खाल्ला. उठले, मोरीत जाऊन हात धुतले. परत येताना आनंदीबाईंसमोर क्षणभर थांबले, आणि त्यांनी हात छातीशी नेला. दारात त्यांचे बूट होते. कुणीतरी ते पुसून, बाजूला, टोकं बाहेर करून ठेवले होते. त्यांनी बुटांकडं पाहिलं, मग आनंदीबाईंच्या हातातल्या काळ्या झालेल्या फडक्याकडं. बूट त्यांनी घातले नाहीत. उचलून हातात घेतले.

खिडकीतून सगळ्यांना दिसलं. शमशुभाई अनवाणी खाली आले, जास्वंदीच्या बाजूनं वळले, आनंदीबाईंनी सकाळी बादलीभर पाणी घातलेल्या नव्या खड्ड्याच्या काळ्या ओल्या मातीवर दोन पावलं उमटवली, बूट स्कूटरच्या हुकाला अडकवले आणि फाटकातून बाहेर गेले.